कावळा, फांदी आणि अण्णांचे पाय

आमच्या घरात भांडणं पाण्याच्या दिवशी होतात. तसा काही ठराव झालेला नाही. पण चार-पाच दिवसांआड नळ फुसफुसतो तेव्हाच आम्ही चौघं एका वेळी जागे आणि एका जागी असतो, एरवी कोण कुठं असतं ते कुणालाच माहीत नसतं. मार्चमधल्या त्या मंगळवारी पहाटे पावणेपाचला पाणी आलं. बायको पिंप विसळत होती, मुलगी डोळे न उघडता बादल्या पुढं सरकवत होती, आणि अण्णा, वय ७८, उंबऱ्याशी खुर्ची टाकून सगळ्यांना सूचना देत होते. त्यांच्या सूचना ऐकायच्या नसतात, नुसत्या चालू असू द्यायच्या असतात. मी मोटरला पाइप जोडत होतो. क्लिप बसत नव्हती, अंगठ्याची साल निघाली होती, आणि त्या सूचनांच्या ओघातच अण्णा म्हणाले, "ती गोळी वाढवली तवापासनं पाय सुजूलालेत बघ."

मी मान वर न करताच बोललो. "अण्णा, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणून कावळ्यानं फांदी मोडली असं होत नाही. गोळी बीपीची आहे. तिचा पायाशी काय संबंध?" एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण मुलगी जागी झाली होती आणि तिच्यासमोर मला जरा चेव येतो. "गोळी वाढवली त्याच आठवड्यात शेजारच्यांनी बोअर पाडली. मग बोअरनं पाय सुजले म्हणायचं का?" मुलगी खुदकन हसली. बायकोनंही पिंपात तोंड घालून हसून घेतलं, तो आवाज पिंपातून घुमून बाहेर आला. मुद्दा बिनतोड होता. अण्णा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "असंल."

आमच्याकडच्या या "असंल"ला फार अर्थ आहेत. ज्याच्याकडं अजून बोलायला काही आहे तो "नाही बे" म्हणतो. ज्याला राग आलाय तो उठून जातो. पण "असंल" म्हणणारा माणूस ना हो म्हणतो ना नाही. दार आपटत नाही, हळूच लोटून घेतो. अण्णांनी त्यानंतर पायांचा विषय काढला नाही. मोटर सुरू झाली, पिंप भरलं, मी दुकानाला गेलो. दिवसभर टॉवेलांच्या गठ्ठ्यांचा हिशेब लिहिताना ते "असंल" मात्र पायात खडा अडकावा तसं टोचत राहिलं. मी जिंकलो होतो, तरी टोचत होतं.

ही कावळ्याची खोड मला अकरावीत लागली. आर्ट्सला तर्कशास्त्र विषय होता, आणि बहुतेक पोरं तो गणित नको म्हणून घ्यायची, मीही त्यातलाच. सर किरकोळ अंगाचे होते. खडूची पूड त्यांच्या बाहीवर कायम असायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर लिहिलं, जिथं जिथं धूर तिथं तिथं अग्नी, पर्वतावर धूर दिसतो म्हणून पर्वतावर अग्नी आहे. मग त्यांच्याच लक्षात आलं की सोलापूरच्या पोरांना पर्वत कुठनं दाखवणार. त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. बाहेर मिलची चिमणी होती. "त्या चिमणीतून धूर निघाला तर खाली काय चाललंय म्हणाल?" बॉयलर पेटलाय, सगळे ओरडले. "आणि धूर नसेल तर?" मागच्या बाकावरून आवाज आला, "मिल बंद आहे बे." वर्ग फुटला. मिल खरंच बंद होती, त्याला वर्षही झालं नव्हतं, आणि हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरी त्याच मिलचा पगार यायचा. माझ्याही. सरही हसले, पण म्हणाले की उत्तर चुकलं. धूर आहे म्हणून आग आहे, हे चालतं. धूर नाही म्हणून आग नाही, हे चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. न्यायवाल्यांचं, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्र्यांचं, हे जुनं उदाहरण आहे, असंही ते म्हणाले.

मी घरी आलो तेव्हा अण्णा भिंतीला टेकून बसले होते. भोंगा वाजत नव्हता तरी ते पाळीच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे आणि मग भिंतीला टेकून बसायचे. कुणावर ओरडत नव्हते, काही मागत नव्हते. धूर अजिबात नव्हता.

तर तर्कदोषांची नावं पाठ झाली आणि मी घरात असह्य झालो. आजी म्हणाली की गल्लीतले सगळे म्हणतात तो दूधवाला पाणी घालतो, तर मी म्हणायचो, सगळे म्हणतात म्हणून खरं होत नाही. आजी म्हणायची, पाचामुखी परमेश्वर. मी वहीत टिपून ठेवायचो. तेव्हा एक मजेशीर गोष्ट लक्षात आली. आपल्या म्हणी निम्म्या तर्कातली खोट ओळखायला आहेत आणि निम्म्या ती खोट करायला. न केलेल्या आरोपाला कुणी आवेशानं उत्तर द्यायला लागला की साप साप म्हणून भुई धोपटतोय असं म्हणून त्याला गप्प करता येतं. पण "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण" ही म्हण कशी वापरली जाते बघा. मी अण्णांना तंबाखू सोडा म्हटलं की ते म्हणायचे, तू आधी ती गाडी दामटणं सोड. माझी गाडी आणि त्यांचा तंबाखू, दोन्ही वाईटच. पण एका वाईटावर दुसरं ठेवलं की पहिलं दिसत नाही. शितावरून भाताची परीक्षा तर फारच फसवी म्हण आहे. भाताच्या बाबतीत ती सोळा आणे खरी, कारण सगळी शितं एका पातेल्यात, एका आचेवर, एकाच पाण्यात शिजलेली असतात. आपण ती परीक्षा माणसांना लावतो. एक भाडेकरू भाडं बुडवून गेला की त्याच्या अख्ख्या गावाचं शीत चेपून बघितलेलं असतं.

अण्णांचा कट्टा हा या सगळ्याचा बारमाही बाजार आहे. एका बंद दुकानाच्या पायरीवर संध्याकाळी पाच-सहा म्हातारे जमतात. त्यात मराठी घरातले आहेत, कानडी आहेत, पूर्व भागातले तेलुगू आहेत, आणि वाद रंगात आला की प्रत्येक जण आपापल्या भाषेत घुसतो. मला तेलुगू कळत नाही. पण "तू तर बोलूच नको" हा मुद्दा कुठल्याही भाषेत हातवाऱ्यावरून कळतो. होटगी रोडच्या विमानतळाशेजारच्या साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत येते, ती पाडायची का नाही, यावर या पायरीनं काही वर्षं काढली. "विमान पाहिजे का चिमणी, ते बोल." बस्स, दोनच दारं. बोरामणीला नवा विमानतळ व्हायचं चाललं होतं त्याचं काय, असं कुणी चुकून विचारलं की लगेच, "म्हणजे तू कारखान्याचा माणूस!" आणि उलट बाजूनं बोलणारा लगेच विमानवाल्यांचा. माणूस कुणाचा हे ठरलं की तो काय म्हणतोय ते ऐकायचं कारण उरत नाही, वेळही वाचतो. १५ जून २०२३ला चिमणी पडली. धुरळा टीव्हीवर बघताना पायरी गप्प होती म्हणतात. मग गोव्याचं विमान उडायला जून २०२५ उजाडला. आता एक पार्टी म्हणते की चिमणी पाडली म्हणून विमान आलं, दुसरी विचारते की मधली दोन वर्षं काय ते चिमणीच्या सुतकात होतं का. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं, म्हणून मी पायरीवर बसत नाही.

शेंगा चटणीचा वाद मात्र मी ऐकलाय आणि त्यात भागही घेतलाय. एक जण म्हणाला, खरा सोलापूरकर शेंगा चटणीत साखर घालत नाही. दुसरा म्हणाला, माझी आई घालायची, ती इथंच जन्मली, इथंच गेली. पहिला शांतपणे म्हणाला, मग ती खरी सोलापूरकर नव्हती. या "खरा" शब्दाची ताकद बघा. उदाहरण विरोधात गेलं की उदाहरणालाच घराबाहेर काढायचं, नियम मात्र पाटावर बसलेला तसाच. मी हे समजावून सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "तुझं आजोळ कुठलं बे?" लातूरकडचं. वाद संपला.

दुकानात मी स्वतः जे करतो, ते मात्र सांगायला जरा जड जातं. गिऱ्हाईक चादरीवर हात फिरवून विचारतं, "सोलापुरीच आहे ना?" इथल्या मागावर विणलेली सुती जॅकार्ड चादर हाताला वेगळी लागते. आधी खरखरीत, चार धुण्यांनी मऊ. पण तसलीच नक्षी बाहेरगावी, मिश्र सुतात, स्वस्तात विणली जाते आणि इथंच येऊन विकली जाते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी येते. "सोलापुरी" म्हणजे सोलापुरात विणलेली, आणि "सोलापुरी" म्हणजे सोलापुरी पद्धतीची. गिऱ्हाईक पहिल्या अर्थानं विचारतं, आणि मी नोकरीला लागलो त्या पहिल्या दुकानात आम्हाला दुसऱ्या अर्थानं "हो" म्हणायला शिकवलं होतं. खोटं बोलल्यासारखं वाटत नाही, हीच त्यातली सोय. आता आहे तिथं मी "नक्षी सोलापुरी आहे" असं म्हणतो आणि पुढचं गिऱ्हाइकावर सोडतो. याला सुधारणा म्हणावं का, मला ठरवता आलेलं नाही.

गंमत अशी की या फसवणुकीचं एक जुनं उदाहरणसुद्धा पांघरुणाचंच आहे. सरांनी अभ्यासक्रमाबाहेरचं म्हणून सांगितलं होतं. एक जण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे याच्याकडं नवं कांबळं आहे. दुसरा म्हणतो, कुठायत नऊ, याच्याकडं तर एकच दिसतंय. "नव" म्हणजे नवीन आणि "नव" म्हणजे नऊ. नववर्षात एक आणि नवरात्रात दुसरा, आपण दोन्ही अजून वापरतो. न्यायसूत्रात याला वाक्छल म्हटलंय. गौतमाच्या त्या ग्रंथात १६ पदार्थ, म्हणजे अभ्यासाचे विषय, मोजले आहेत आणि त्यातले शेवटचे सात, वाद, जल्प, वितंडा, हेत्वाभास, छल, जाति आणि निग्रहस्थान, हे नुसते बोलाचालीचे आणि भांडणाचे आहेत. मोक्षाच्या शास्त्रात भांडणाला एवढी जागा दिलेली बघून तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. खरं काय ते शोधायला बोलणं म्हणजे वाद. जिंकायला बोलणं म्हणजे जल्प, त्यात छल चालतो. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं मोडत बसणं म्हणजे वितंडा. आपण सरसकट सगळ्याला वितंडवाद म्हणून मोकळे होतो. सर म्हणायचे, घरी जाऊन मोजा, दिवसात वाद किती वेळा झाला. मी मोजलं होतं. आठवड्यात एकदा, तोही गॅसची टाकी कधी संपेल यावर.

त्या मंगळवारनंतर आठ-दहा दिवसांनी मला काकू आठवली, आणि मग तो खडा फारच टोचायला लागला.

माझी धाकटी काकू लग्न होऊन घरात आली आणि त्याच महिन्यात मिलला कुलूप लागलं. आजी आधी कुजबुजायची, मग उघड बोलायला लागली. पांढऱ्या पायाची. काकू एकोणीस वर्षांची होती. ती चालताना पाय साडीत लपवायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि तेव्हा तर्कशास्त्राची वही माझ्या हातात होती. मी काही बोललो नाही. बोलण्याइतका मी मोठा नव्हतो, असं मी स्वतःला सांगत आलोय. बोलले अण्णा. ते एरवी बोलतच नव्हते त्या दिवसांत. जेवताना आजीनं पुन्हा काही काढलं, तर भाकरीचा तुकडा ताटात ठेवून म्हणाले, "मिल तीन पाळ्यांत चालायची. तेवढ्या सगळ्यांच्या घरात त्या महिन्यात सूनच आली होती का?" आजी म्हणाली, मी आपल्या घरापुरतं बोलतेय. अण्णा म्हणाले, "आपल्या घरापुरतं वेगळं कुलूप नव्हतं लावलं." आजीला पटलं नसावं, पण अण्णांच्या देखत ती ते पुन्हा कधी बोलली नाही. पुढं दोन वर्षं घर चाललं ते बऱ्याच अंशी काकूच्या विड्यांवर. मांडीवर सूप, पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, दिवसाला हजार वळायच्या. घरभर तंबाखूचा वास असायचा आणि तिची बोटं नखांपर्यंत पिवळी झाली होती.

सातवीत शाळा सोडलेल्या माणसानं एका वाक्यात ते केलं होतं, ज्याचं नाव मला पाठ होतं. त्यांना कावळा आणि फांदी कोण शिकवणार होतं? आणि असा माणूस गोळीचं नाव घेतो, तेव्हा त्यानं आधी मनातल्या मनात काय काय पडताळून बघितलं असेल, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी बोअरचा विनोद केला होता.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि पाय बघितले. दोन्ही पाय सुजले होते, घोट्याचं हाड दिसत नव्हतं. त्यांचे चामडी सँडल उंबऱ्याशी होते. पट्ट्याच्या तिसऱ्या भोकावर बकलाचा वर्षानुवर्षांचा वळ आहे, आणि बक्कल लावलेलं होतं शेवटच्या, पाचव्या भोकाला. म्हणजे हे दोन भोकं आधीपासून चाललं होतं. मी नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला. तिथं खळगा पडला, कणकेत पडतो तसा, आणि तो भरून यायला बराच वेळ लागला. अण्णा माझ्या टाळूकडं बघत असावेत. "दुखत नाही," म्हणाले, "जड वाटतं नुसतं."

डॉक्टरांनी आमचं ऐकून घेतलं आणि प्रश्न विचारले. एक पाय का दोन्ही? सकाळी कमी, संध्याकाळी जास्त? झोपल्यावर दम लागतो का? लघवी कशी आहे? मग हृदय, मूत्रपिंड यातलं काही नाही ना म्हणून रक्त-लघवी तपासायला सांगितली, ईसीजी काढला. त्यात काही निघालं नाही. मग त्यांनी गोळीचं पाकीट हातात घेतलं. ॲम्लोडिपिन. जानेवारीत ५ची १० केली होती. "या गोळीनं घोटे सुजतात," ते सहज म्हणाले, "डोस वाढला की जास्तच. बारीक रोहिण्या सैल होतात, मग पाणी पाझरून खाली साचतं. आजोबा, आधी का नाही सांगितलं?" अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "सांगणारच होतो." डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. मनानं बंद मात्र काही करायचं नाही, असं दोनदा बजावलं आणि म्हणाले, तीन आठवडे बघू, सूज उतरली तर तीच होती.

बघू. माझ्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच होता. दोघांनीही ऐकलं तेच एक वाक्य, गोळी वाढवल्यापासून पाय सुजले. त्यांनी दुसरी कारणं एकेक करून बाजूला काढली आणि मग गोळी काढून बघितली. मी वाक्याला नाव दिलं आणि पाइपाची क्लिप लावली. फांदीवर कावळे बसतात आणि उडून जातात, खरंय. पण एखादी फांदी कावळ्यानंही मोडत असेल, गिधाडानं तर नक्कीच मोडत असेल. मान वर करून बघितल्याशिवाय काय बसलं होतं ते कळणार कसं?

रविवारी माळ्यावरून ती वही काढली. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या. सरांनी तासाला सांगितलेली २२ निग्रहस्थानं त्यात होती, म्हणजे कुठं माणूस वादात हरला असं समजायचं त्या २२ जागा. सतरावं, विक्षेप. मला काम आहे असं सांगून वाद तोडून निघून जाणं. अठरावं, मतानुज्ञा. आपल्यावरचा दोष न खोडता, तोच तुझ्यातही आहे म्हणणं. अण्णांचा तंबाखू आणि माझी गाडी. आणि विसावं, निरनुयोज्यानुयोग, शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "जिथं दोष नाही तिथं दोष दाखवणं". हा शब्द तेव्हा परीक्षेला येणार नव्हता म्हणून पाठ केला नव्हता. समोरचा हरला म्हणून जाहीर करणारा तिथं स्वतः हरतो. कुणी तरी शेकडो वर्षांपूर्वी माझ्यासारख्यांना ओळखून यादीत एक जागा राखून ठेवली होती, तीही अगदी शेवटाला, जिथवर पोचेपर्यंत विद्यार्थी झोपलेले असतात.

नावं निरुपयोगी आहेत असं मला म्हणवत नाही. काकूचे पाय आठवले की म्हणवतच नाही. त्या दिवशी आजीला अडवायला कुणी नसतं, तर काकूनं जन्मभर पाय झाकले असते.

आणि गोळीच्या प्रकरणातून मी काही शहाणा झालो, असंही नाही. मे महिन्यात मुलीचा बारावीचा निकाल लागला आणि पुण्याचा विषय निघाला. बायको म्हणाली, जाऊ दे. मी म्हणालो, आज कॉलेजला पुण्याला जाईल, मग नोकरी तिकडंच, मग लग्न तिकडंच, मग आपण दिवाळीला तिची वाट बघत बसायचं, मग हे घर विकायचं आणि तिच्या हॉलमध्ये टीव्ही बघत मरायचं. बायको म्हणाली, "तिनं अजून फॉर्मसुद्धा भरला नाही, आणि तुम्ही मेलातसुद्धा." मला पुढचं सुचेना. "दुकानाला उशीर होतोय," म्हणालो आणि निघालो. सात रस्त्यापर्यंत गाडी आणली आणि तिथं सिग्नलला लक्षात आलं, सतरावं. शिवाय म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, हेही मीच लावून धरलं होतं, एका फॉर्मवरून थेट मरणापर्यंत घसरगुंडी. पण खरं सांगू, आमच्या गल्लीत ती घसरगुंडी दर घरात घडलेली आहे. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसला पोरांना बसवून आलेले आईबाप मी वर्षानुवर्षं बघतोय. त्यांच्या दारावरच्या पाट्यांवर अजून चार नावं आहेत आणि आत दोन माणसं. तर्काला धरून नाही, मान्य. बायकोला हे सगळं त्या शब्दांत सांगायला हवं होतं, की मला भीती वाटते. ते सोडून मी पायऱ्या मोजून दाखवत बसलो. आणि अण्णांच्या बोलण्यातली खोट मला पाइप जोडता जोडता दिसली होती, स्वतःची दिसायला सात रस्ता यावा लागला.

सूज तीन आठवड्यांत उतरली. अण्णांनी "बघ, म्हणालो होतो" असं एकदाही म्हटलं नाही, त्याचाच मला जास्त त्रास झाला. म्हटलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. एके दिवशी ते कट्ट्यावर निघाले तेव्हा बकलाचा खटका ऐकू आला आणि मी आतूनच वाकून बघितलं. तिसरं भोक.

परवा पुन्हा पाण्याचा दिवस होता. पावणेपाच झाले, पाच झाले, नळ गप्प. अण्णा खुर्चीवर. "आज पाणी येत नाही बघ."

"कशावरून?"

"समोरच्यांची मोटर लागली नाही अजून."

समोरचे आदल्या रात्रीच तुळजापूरला गेले होते, घराला कुलूप मी स्वतः बघितलं होतं. मुलगी माझ्याकडं बघायला लागली, आता बाबा बोलणार म्हणून तिचं तोंड आधीच हसायला झालं होतं. मी पाइप खाली ठेवला, वाकून नळाला कान लावला. लोखंड गार होतं. आत लांब कुठंतरी हवा सरकत असावी, किंवा माझ्याच कानातला आवाज असेल.

"काय म्हणतंय?" अण्णांनी विचारलं.

"थांबा अण्णा, ऐकूलालोय."